वीस डावांचे माप

एका तालुक्याच्या गावात नरहर बोकील नावाचे निवृत्त गणितशिक्षक राहत असत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीस वर्षे ते राज्य पातळीवरच्या बुद्धिबळ स्पर्धा खेळले होते. ते कधी पहिले आले नाहीत, पण पहिल्या दहांतून बाहेरही कधी गेले नाहीत. त्यांचा खेळ इतका एकसारखा होता, की नवा खेळाडू किती पाण्यात आहे हे पाहायचे झाले तर लोक त्याला मास्तरांसमोर बसवत.

यशवंत लोखंडे हा त्यांचा जुना विद्यार्थी. गावात त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते. गिऱ्हाईक नसे तेव्हा तो बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम लिहीत बसे. त्याचे नाव त्याने चतुरंग ठेवले होते. शहरातल्या एका कंपनीने त्याला सांगितले होते, की तुझा प्रोग्राम राज्य पातळीच्या खेळाडूइतका खेळतो असे कुणी जाणकाराने तपासून लिहून दिले, तर आम्ही तो घेऊ आणि तुलाही कामावर घेऊ. यशवंत मास्तरांकडे आला.

मास्तर आनंदाने तयार झाले. मात्र त्यांनी एक अट घातली. एखाददुसऱ्या डावावरून कुणाचे बळ कळत नाही, म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर पुरते वीस डाव व्हायचे, आणि वीस झाल्याशिवाय कुणी काही बोलायचे नाही.

पहिल्या वीस डावांत मास्तरांनी चौदा जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत सुटले. शेवटी मोहरी थोडी उरली, की तुझे मशीन राजाला कोपऱ्यात दडवून ठेवते, तो पुढे यायला हवा, असे त्यांनी यशवंतला समजावले. यशवंत सहा महिने खपला आणि दुरुस्त केलेला चतुरंग घेऊन आला. या वेळी आठ डाव मास्तरांनी जिंकले, आठ मशीनने. मास्तरांच्या पत्नी उमाबाई यांनी त्या दिवशी शिरा केला. विद्यार्थ्याने केलेली वस्तू आपल्या बरोबरीला आली, यापेक्षा मास्तरांना दुसरे काय हवे होते? रोजच्या डावांमुळे त्यांचे क्लबात जाणेही सुटले. त्यांच्यासमोर आता फक्त यशवंतचे मशीन बसे.

यशवंतने एकदा सहज म्हणून दुकानातल्या दोन कॉम्प्युटरांवर जुना आणि नवा चतुरंग समोरासमोर लावले. शंभर डाव झाले. नव्याला एक्कावन्न गुण मिळाले, जुन्याला एकोणपन्नास. म्हणजे सहा महिन्यांच्या कष्टाने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता.  पण दोन्ही आपलेच, एकमेकांच्या खोडी ओळखत असतील, माणसाशी खेळलेलेच खरे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि ते गुण लिहिलेला कागद फाडून टाकला.

आणखी सात महिन्यांनी तिसरी तपासणी सुरू झाली. कंपनीचे पत्र आले होते. महिनाअखेरपर्यंत मास्तरांचा अभिप्राय पोचायला हवा होता. पहिल्या सहा डावांत मास्तर पाच हरले. यशवंत खुशीत होता. सातव्या डावासाठी मशीन सुरू करताना त्याचे लक्ष पडद्यावरच्या तारखेकडे गेले आणि त्याचा हात थांबला. गडबडीत त्याने भलताच चतुरंग आणला होता. हा तर सर्वांत पहिला. मास्तरांनी चौदा वेळा लोळवलेला.

मशीन वाढले नव्हते. मास्तर उतरले होते.

मग त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. मास्तर सारखी कानशिले दाबत. परवा त्यांनी चक्क समोरच्या रंगाचा घोडा उचलला होता. एकदा आपलीच खेळी केल्यावर त्यांनी विचारले होते, आता कुणाची पाळी? यशवंतने हे सगळे पाहिले होते आणि प्रत्येक वेळी फक्त गुण लिहून घेतले होते.

त्या दिवशी तो निघाला तेव्हा उमाबाई त्याच्या मागोमाग अंगणात आल्या.

"यशवंत, तू रोज त्यांच्यासमोर बसतोस. तुला त्यांच्यात काही फरक वाटतो का रे? हल्ली अर्धं बोलून थांबतात. डोकं दुखतं म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, की म्हणतात, मशीनशी खेळून शिणतंय."

यशवंतच्या ओठांवर खरे उत्तर आले होते. पण चौदा डाव उरले होते आणि महिना संपायला दहा दिवस. मास्तर आजारी निघाले तर तपासणी तिथेच थांबणार होती. झालेले डावही मग कोण खरे मानणार होते? आधी एवढे पदरात पडू दे, मग आपणच त्यांना शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, असे त्याने मनाशी ठरवले.

"नाही काकू," तो म्हणाला. "सरांचा खेळ आहे तसाच आहे. मशीनच जोरदार झालंय."

उमाबाईंच्या जिवात जीव आला. खेळातले त्यांना काही कळत नसे. यशवंतला कळत होते. त्यांनी डॉक्टरचा विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी यशवंतने नवा चतुरंग लावला आणि चुकीच्या सहा डावांबद्दल चकार शब्द काढला नाही. वीस पूर्ण झाले. मशीनने सोळा जिंकले. मास्तरांनी अभिप्राय लिहायला घेतला. अर्धे पान लिहायला त्यांना सारी दुपार लागली आणि सहीची अक्षरे घसरत कागदाच्या कडेला गेली. मग त्यांनी यशवंतच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, आयुष्यात हरताना इतका आनंद कधी झाला नव्हता.

शहरात कंपनीने चतुरंगला चार खेळाडूंसमोर बसवले. तो चौघांकडूनही हरला, आणि हरला तो शेवटी राजा कोपऱ्यात दडवूनच. कंपनीचे साहेब मास्तरांचा कागद पुन्हा पुन्हा वाचू लागले.

"ज्यांनी हे लिहिलंय, त्यांना बुद्धिबळ येतं ना?" त्यांनी विचारले.

यशवंतने मान खाली घातली. मास्तर कोण होते, हे तो सांगू शकला असता. पण ते सांगितले असते तर पुढचेही सांगावे लागले असते.  साहेबांनी कागद परत केला.

तो गावी आला तेव्हा मास्तरांच्या दाराला कुलूप होते. आदल्या दिवशी ते न्हाणीघरात कोसळले होते. यशवंत तसाच इस्पितळात गेला. डॉक्टरांनी उमाबाईंना समोर बसवून सांगितले, की मेंदूत गाठ आहे. ती हळूहळू वाढणारी असते, निदान दीड वर्ष वाढत असावी. वेळेवर आणले असते तर काढता आली असती, आता फार पसरली आहे. बोलण्याचालण्यात, कामात काहीच फरक दिसला नाही का, असे त्यांनी विचारले.

"मी विचारलं होतं," उमाबाई म्हणाल्या. "काही नाही, असंच कळलं."

यशवंत भिंतीला टेकून उभा होता. उमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण त्यांच्या मनात त्याच्याविषयी काही संशय नव्हताच.

मास्तर सात आठवडे जगले. शेवटी शेवटी त्यांना उंट आणि हत्ती यांतला फरक सांगता येईना. पण भेटायला येईल त्याला ते अडखळत सांगत, की माझ्या विद्यार्थ्याने मला हरवणारे मशीन केले.

दिवसकार्य आटोपल्यावर एके दुपारी यशवंत उमाबाईंकडे गेला. त्याने चुकून लावलेले सहा डाव, फाडलेला कागद, अंगणात दिलेले उत्तर, सगळे सांगितले. काही लपवले नाही.  

"हे मला तेव्हा हवं होतं," उमाबाई म्हणाल्या. "आत्ता तू मला सांगितलंस ते तुला हलकं वाटावं म्हणून. आता हे मी घेऊन बसायचं."

त्या उठल्या आणि त्याच्यासाठी दार उघडून धरले. तो बाहेर पडल्यावर त्यांनी ते आतून लावून घेतले. त्यानंतर यशवंतने दोनतीनदा त्या दाराची कडी वाजवून पाहिली. दार उघडले नाही.

तात्पर्य: कुणाचेही बळ मोजताना आपले माप पहिल्यासारखेच आहे का, हे आधी तपासावे, आणि त्यात खोट दिसली, तर ती आपल्या सोयीची असली तरी त्याच दिवशी बोलून दाखवावी, कारण उशिरा सांगितलेले खरे कुणाला वाचवत नाही.