खेचरावरची खुर्ची

फार वर्षं झाली. अमेरिकेत तेव्हा माणसं बाजारात विकली जायची. एक मोठी नदी होती. तिच्या उत्तर काठावर जन्मलेला जीव स्वतंत्र, दक्षिण काठावरचा गुलाम, असा त्या मुलखाचा कायदा होता.

तिथं ओबेडाया थॅचर नावाचे केंद्र सरकारचे न्यायाधीश होते. तरुणपणी त्यांनी नुसते कागद वाचून एकाचं शेत काढून घेतलं. पुढे कधीतरी ते त्या वाटेनं गेले, तर हद्दीचा दगड भलतीकडेच! तोवर तो माणूस देशोधडीला लागला होता. थॅचरसाहेबांना फार लागलं ते. त्यांनी आपली खुर्ची खेचरावर बांधली. जिथला तंटा, तिथं खुर्ची. खेचराच्या गळ्यातली घंटा ऐकली की खोटे साक्षीदार गाव सोडायचे, असं म्हणतात.

एकदा क्रेन्शॉ नावाच्या जमीनदारानं धुणं धुणाऱ्या हेस्टरवर दावा लावला. "ही माझी गुलाम, हिची पोरही माझी. हिच्या जन्माची झोपडी दक्षिण काठावर आहे. जाऊन बघा."

साहेब गेले. झोपडीची चूल खरंच नदीच्या दक्षिणेला होती. साहेबांनी खेचरावरची खुर्ची चुलीपाशी उतरवून घेतली आणि ते बसले. हेस्टरनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"बाई," साहेबांनी विचारलं, "तुमची आई पाणी कुठून आणायची?"

"ते नाही ठाऊक, साहेब. एवढंच सांगायची, भरदुपारी पाण्याला निघालं की ऊन तोंडावर यायचं."

साहेब ताडकन उठले. तिथं दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, आणि नदी तर उत्तरेला! त्यांनी चुलीच्या दक्षिणेकडे, मक्याच्या शेताकडे बोट दाखवलं. "इथं खणा."

क्रेन्शॉ खो खो हसला. पुरुषभर खणल्यावर शिंपले निघाले. मग साखळीनं खुंटाला बांधलेली एक नाव निघाली. आणि असं म्हणतात, की खालून पाणी उसळलं, गाळातली ती नाव हलली आणि सगळ्यांच्या देखत तरंगू लागली. कधीकाळच्या महापुरात पात्र बदललेली नदी आपल्या जुन्या जागी साक्षीला आली होती.

कुणापुढे न झुकणाऱ्या साहेबांनी पाण्यापुढे टोपी काढली. "साक्ष झाली. तेव्हा ही चूल उत्तर काठावर होती. हेस्टर स्वतंत्र जन्मली. तिची मुलगीही."

साहेब जाऊन किती काळ लोटला. अजूनही दरवर्षी त्या दिवशी भरदुपारी खेचरावरून खुर्ची त्या मक्यात येते. गावातली एक लहान मुलगी तिच्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसते. तिथले न्यायाधीश टोपी काढून तिच्यासमोर उभे राहतात आणि विचारतात, "बाई, ऊन कुठं आहे?"

"तोंडावर," ती सांगते. मगच त्या वर्षीचं न्यायालय उघडतं.