साक्षीदाराची सही

पणजीत कॅसिनोला येणाऱ्या पाहुण्यांची कागदपत्रं हॉटेलच्या खोलीत जाऊन नोटरी करून देणं, हा वकील म्हणून माझा बावीस वर्षांचा धंदा. गेल्या आठवड्यात बेलदरे नावाच्या एका बिल्डरने बोलावलं. बायकोच्या नावावरचा फ्लॅट त्यांना विकायचा होता. त्यासाठी तिचं मुखत्यारपत्र तयार होतं, खाली तिची सहीसुद्धा. सहीची शाई अजून ओली दिसत होती.

"वहिनी कुठे आहेत?" मी विचारलं.

"साताऱ्याला. सही तिचीच समजा आणि शिक्का मारा. मला कॅसिनोच्या बोटीवर जायचंय."

सही माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, हा नियम मला पाठ आहे. पण माणूस वजनदार. मी मुकाट्याने शिक्का काढला. आता फक्त साक्षीदार हवा होता. चादरी बदलायला आलेल्या सुलक्षाला बेलदऱ्यांनी चुटकी वाजवून बोलावलं.

"ए, इथे सही कर. बाईंनी तुझ्यासमोर सही केली, एवढंच लिहिलंय."

तिने कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग पेन त्यांच्याच हातात परत दिलं.

"माझी सहीपण तुम्हीच करा, साहेब. बाई इथे नसताना त्यांची झाली, तशी मी नसताना माझीही होईल. मी शेजारची खोली आवरायला जाते."

बेलदऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी शिक्क्याकडे. तो बॅगेत टाकून मी बाहेर पडलो.

बाहेर तिने मला वाट द्यायला ट्रॉली बाजूला घेतली. "निघालात, वकीलसाहेब?" तिने नेहमीसारखंच विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्या हाकेला ओ देता आली नाही.