उष्टं बिस्कीट

“लेकराले भूक लागली हे घड्याळीले कसं कळंल, भंतेजी? तुमीच सांगा.”

“घड्याळाला काही कळत नाही,” भंतेजी म्हणाले.

सुखदेवबाबा पाझारे खूश झाले. अर्धं काम बसल्याबसल्याच झालं, असं त्यांना वाटलं.

त्या शनिवारी विहारातल्या भोजनदानाची पाळी पाझाऱ्यांच्या घरची होती. सुखदेवबाबा साडेअकरालाच चार पुडांचा डबा घेऊन हजर झाले होते. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, सगळं स्वतःच्या हातचं. डबा त्यांनी खांबाशी टेकवला, वंदन केलं, आणि आठवडाभर मनात साठलेलं बोलायला बैठक मारली. सोबत दोन वर्षांचा नातू होता, कुणाल. त्याने विहारात दुडुदुडु फेऱ्या सुरू केल्या.

भंतेजींचा नेम गावात लहानथोरांना ठाऊक होता. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दुपारचे बारा वाजायच्या आत. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त पाणी. आणि तोंडानं मागायचं नाही. कुणी आपल्या हातानं पात्रात घातलं तर घ्यायचं, नाही घातलं तर नाही. त्यांचं काळं पात्र आत्ताही समोर उघडं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. सुखदेवबाबांना मात्र आज दुसऱ्याच घड्याळाचा राग होता.

“सूनबाईनं फ्रिजवर कागद चिकटवला,” ते म्हणाले. “आठ वाजता नाश्ता. बारा वाजता वरणभात. साडेचारले फळ. साडेसातले जेवण. मधात काई नाई! पाण्याशिवाय काई नाई! दोन वर्साचं लेकरू आहे का पोलीस भरतीतला जवान?”

भंतेजी हसले.

“हसू नका जी. पुढचं आइका. जेवाले बसवते, चार घास देते, अन् दर घासाले विचारते, ‘अजून?’ त्यानं मान हलवली का ताट उचलून नेते! माह्या छातीत कळ येते, भंतेजी. अरे, लेकराले काय विचारता? त्याले काय समजते? तोंडात घालाचं!”

“मग तुम्ही घालता?”

सुखदेवबाबांनी बंडीचा खिसा थोपटला. आतून बिस्किटांचा पुडा कुरकुरला.

“बिस्किटं, फुटाणे, गुळाचे खडे. कई कई मुरमुरे. माह्या नातवाले कधी उपाशी रडू देल्लं नाई मी.”

“दुपारी जेवतो?”

इथे सुखदेवबाबा जरा घुटमळले.

“दुपारी… नाई. तोंड फिरवते. म्हणून तर भांडण आहे न. सून म्हंते, बाबा, तुमच्या खिशानं त्याची भूक मारली. दवाखान्यात वजन केलं, तर कमी भरलं. काल तिनं सांगून टाकलं, सोमवारपासून कुणाल पाळणाघरात.”

सुखदेवबाबांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, नोकरी त्याआधीच संपली होती. सकाळी मुलगा आणि सून आपापल्या कामावर गेली की त्या घरात बोलायला, रुसायला, हाक मारायला एकटा कुणालच उरायचा. तो गेला तर दिवसाचं करायचं काय, हा प्रश्न सुखदेवबाबांना कालपासून खात होता. म्हणून ते विहारात आले होते. प्रणिता, म्हणजे त्यांची सून, भंतेजींचा शब्द मोडत नसे. भंतेजी तिला एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं.

“तुमी तिले सांगा, का म्हाताऱ्याले कळते.”

“तुम्हाला कळतं?”

“मले?” सुखदेवबाबा ताठ झाले. “तीस वर्सं वसतिगृहाच्या मेसमंदी सैपाक केला मी. दोनशे पोट्टे! पोट्टं दारात उभं राह्यलं का मी तोंड पाहून सांगत होतो, याले दोन पोळ्या, याले चार, हा आज घरची चिठ्ठी वाचून रडला, याले भातच वाढा. कधी कोणाले विचारलं नाई. कधी चुकलो नाई.”

हे अगदी खरं होतं. गावोगावचे साहेब झालेले पोरगे अजून त्यांच्या पाया पडत, ते काही उगाच नाही.

“भूक माह्यापासून लपत नाई, भंतेजी.”



एवढ्यात कुणाल खांबाशी पोचला. त्याने डब्यावर एक चापट मारली. मग दोन्ही हातांनी कडी धरून तो डबा ओढायला लागला. डबा फरशीवर खरडत टीचभर सरकला. कुणालनं भंतेजींकडे पाहिलं आणि पुन्हा ओढला.

“पाहा!” सुखदेवबाबा म्हणाले. “भूक लागली.”

त्यांनी उठून नातवाला उचललं, आपल्याजवळ आणून बसवलं आणि त्याच्या तोंडात बिस्कीट दिलं. डबा होता तिथेच राहिला.

“त्यानं मागितलं?” भंतेजींनी विचारलं.

“मागाची पाळी येऊ देल्ली तर मी आजोबा कायचा?”

कुणालनं बिस्किटाचा एक कोपरा चोखला. मग ते बाहेर काढून हातात धरलं आणि तो पुन्हा उठला. या वेळी तो भंतेजींच्या पात्रापाशी जाऊन वाकला. इतका वाकला की डोकं आतच जातं की काय असं वाटलं. आत काही नव्हतं. त्याने मान वर करून भंतेजींच्या तोंडाकडे पाहिलं, परत पात्रात पाहिलं.

“नाई,” तो म्हणाला.

“नाही,” भंतेजींनी मान्य केलं.

घड्याळात अकरा त्रेपन्न झाले होते. सुखदेवबाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. माणूस आपलं दुःख उलगडायला बसला की त्याला वेळ दिसत नाही, आणि सुखदेवबाबा तर आता तळाशी असलेल्या दुःखापाशी येऊन ठेपले होते.

“मी असा काहून आहे सांगू?” ते हळू आवाजात म्हणाले. “आमी चार भावंडं. माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. घरी आली का आमी तिच्या तोंडाकडं पाहो. पण ‘माय, भूक लागली’ असं कोणी म्हणत नव्हतं. म्हटलं का माय रडे. म्हणून आमी चौघंबी तोंड दाबून बसत होतो. सात वर्साचा होतो मी. मले कधी कोणी विचारलं नाई, का सुखदेव, भूक लागली का तुले?”

ते थांबले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण पुसायला हवे होते.

“तवाच ठरवलं. माह्या हातून कोणाले मागा लागणार नाई. मागाच्या आंधीच तोंडात घास.”

“म्हणजे तुम्हाला कुणी विचारलं नाही,” भंतेजी म्हणाले.

“नाई.”

“आणि यालाही कुणी विचारत नाही.”

…

सुखदेवबाबांना ते वाक्य लागलं. चटका बसल्यावर हात मागे घ्यावा तसे ते जरा मागे सरकले. पण तीस वर्षांचा स्वयंपाकी इतक्यात हार मानणार नव्हता.

“त्याची माय विचारते न! दर घासाले! अन् तो मान हलवते!”

ते पुढेही बोलले असते, पण तेवढ्यात त्यांची नजर पात्राकडे गेली आणि ते ओरडलेच.

“अरे कुणू! उष्टं! उष्टं हाय ते!”

कुणालनं हातातलं बिस्कीट पात्रात ठेवलं होतं. टाकलं नव्हतं, वाकून नीट ठेवलं होतं. एका बाजूनं चोखून मऊ पडलेलं, त्यावर लाळेची तारही लोंबत होती.

सुखदेवबाबा ते काढायला धावले. भंतेजींनी पात्रावर आपला पंजा धरला.

“दिलंय त्यानं,” ते म्हणाले.

आणि त्यांनी ते बिस्कीट उचललं. छोटा तुकडा मोडला. सावकाश चावला. मग दुसरा. जणू समोर पंचपक्वान्नांचं ताट होतं, अशा थाटात ते एवढं एक बिस्कीट जेवत होते. कुणाल गुडघ्यांवर हात टेकून त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून पाहत होता.

शेवटचा तुकडा संपला.

कुणालनं मान तिरकी केली.

“अजून?” त्याने विचारलं.

सुखदेवबाबा चमकले. ही तर प्रणिताची लकब होती. तीच मान, तोच लांबवलेला ‘जू’.

“हो,” भंतेजी म्हणाले.

कुणाल लगबगीनं डब्याकडे गेला. डब्याची कडी घट्ट होती. त्याने ती ओढली, दाबली, तिच्यावर चापट मारली. मग मागे वळून आजोबांकडे पाहिलं.

“आबा!”

पुन्हा भूक लागली वाटतं, असं म्हणत सुखदेवबाबांनी खिशात हात घातला.

तेव्हाच घड्याळाचे ठोके पडायला लागले.

एक. दोन. तीन… सुखदेवबाबांचा हात खिशातच राहिला. ठोके पडत होते, आणि ते नातवाकडून डब्याकडे, डब्याकडून पात्राकडे पाहत होते. पाचव्या की सहाव्या ठोक्याला त्यांना सगळं उमगलं. ते उठेपर्यंत, गुडघ्यांनी साथ देईपर्यंत, कडी निघेपर्यंत बारा झाले.

भंतेजींनी पात्रावर झाकण ठेवलं.

“भंतेजी!” सुखदेवबाबा डबा घेऊन तिथेच उभे होते. “जेवण! तुमचं जेवण राह्यलं!”

“झालं.”

“एका बिस्किटात? उद्यापर्यंत? नाई नाई नाई. घड्याळ पुढं असंल ते.”

“घड्याळाला काही कळत नाही,” भंतेजी म्हणाले, “पण बारा वाजलेत.”

“दोन घास घ्या. पाया पडतो. माह्यासाठी घ्या!”

“तुमच्यासाठी?”

“माह्या जिवाले बरं वाटंल…”

“मग ती भूक तुमची झाली, उपासक,” भंतेजी म्हणाले. “ती मी कशी जेवू?”

सुखदेवबाबा मटकन खाली बसले. त्यांचे कान तापले होते. दोनशे पोरांची तोंडं वाचणारा माणूस! अर्धा तास भंतेजी हातभर अंतरावर उपाशी बसले होते. पात्र उघडं होतं, डबा भरलेला होता. आणि आपण भुकेवरच बोलत होतो. डबा ओढणाऱ्या पोराला उचलून आपणच बाजूला बसवलं. त्यांना इतकी लाज वाटली की वर पाहवेना.

कुणालनं तेवढ्यात भंतेजींच्या चिवराचं टोक धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

मग सुखदेवबाबांनी खिसा उलटा केला. बिस्किटांचा पुडा, फुटाणे, गुळाचे चार खडे आणि तळाशी चिकटलेला मुरमुऱ्यांचा चुरा, सगळं फरशीवर आलं. कुणाल तो ढीग पाहायला आला. आजोबांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

“कुणू,” सुखदेवबाबांनी विचारलं, “भूक लागली का रे तुले?”

साठ वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

कुणाल विचारात पडला. त्याने ढिगाकडे पाहिलं. स्वतःच्या पोटावरचा सदरा वर करून पोट पाहिलं. मग बोट केलं, ते डब्याकडे.

सुखदेवबाबांनी भंतेजींकडे पाहिलं. “तुमच्यासमोर कसं जेवाचं जी? तुमी असे…”

“माझं जेवण झालंय,” भंतेजी म्हणाले. “बसा.”

डबा उघडला. झाकणात वरणभात कालवला. सुखदेवबाबांचा हात सवयीनं घास घेऊन उठला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी झाकण नातवापुढे सरकवलं. कुणालनं पाचही बोटं भातात खुपसली. थोडा भात फरशीवर सांडला, थोडा हनुवटीवर गेला, आणि उरलेला पोटात. एक घास, दोन, चार, सहा. सुखदेवबाबा मनात मोजत होते, तोंडानं मात्र गप्प होते. त्यांना ते किती जड गेलं, ते त्यांनाच ठाऊक.

सातव्या घासानंतर कुणाल थांबला.

“अजून?” सुखदेवबाबांनी विचारलं.

कुणालनं मान हलवली. नाही.

झाकणात चांगला मूठभर भात उरला होता. सुखदेवबाबांनी तो गोळा केला. त्यांचा हात नातवाच्या तोंडाकडे एकदा गेलाच… आणि वळून स्वतःच्या तोंडाशी आला. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे त्यांना तो घास गिळताना कळलं.

निघताना त्यांनी फरशी पुसली. खिशातला ढीग कागदात गोळा करून दाराबाहेरच्या पारावर पाखरांना टाकला. नातवाला कडेवर घेतलं, रिकामा खिसा एकदा चाचपला, आणि उंबऱ्यापाशी ते मागे वळले.

“भंतेजी, आता सूनबाईले काय सांगू?”

भंतेजी पात्र धुवायला उठले होते.

“सांगा,” ते म्हणाले, “तुझ्या लेकानं आज एका माणसाला वेळेवर जेवू घातलं.”