लाडवाचं डोकं, चकलीचा अंबाडा

एकदा काय झालं, एका राजाच्या मुदपाकखान्यात म्हादबा नावाचा म्हातारा आचारी होता. म्हणायचा, "मी बकरीचं चित्र काढलं, की गावातल्या बकऱ्या धावत यायच्या!" आणि लगेच खो खो हसून सांगायचा, "चित्र खायला! केळीच्या पानावर काढायचो ना."

मग एक दिवस राक्षसाने राणीला पळवलं आणि डोंगरातल्या कातळात कोंडलं. म्हणाला, "हिच्या लेकीने हिचं चित्र या कातळावर काढावं. ती जे माणूस काढेल, ते कातळातून जिवंत बाहेर येईल. तीनदा चुकली, तर राणीचा दगड!" आणि खुशाल आडवा झाला. कारण लेक केतकी पाच वर्षांची, बरं का!

केतकी रडायला लागली. "मला माणूस काढता येत नाही!" राजाही रडायला लागला. त्यालाही येत नव्हतं.

म्हादबा म्हणाला, "फराळ काढता येतो ना? मग झालं! लाडू म्हणजे डोकं. शंकरपाळं म्हणजे अंग. शेवेचे हात, शेवेचे पाय. करंजी उताणी ठेवली, की माणूस हसलं!"

मग केतकीने चुन्यात बोट बुडवलं. "अंग मोठं काढ," म्हादबा म्हणाला, "खात्यापित्या घरची राणी आहे." कातळ कुरकुरला आणि बाहेर आला एक ढेरपोट्या शेटजी. "पानं वाढलीत का?"

"मग बारीक काढ. शेव लांब लांब!" बाहेर आला ताडमाड पहारेकरी. फणसावर डोकं आपटलं बिचाऱ्याचं.

आता एकच डाव राहिला. राक्षसाने एक डोळा उघडला. म्हादबाची बडबड बंद झाली, जन्मात पहिल्यांदा! मग तो केतकीजवळ उकिडवा बसला. "पोरी, माझं चुकलं. तू सांग, आई उभी कशी राहते?"

"वाकडी," केतकी म्हणाली. "मी कडेवर असते ना!"

"मग तश्शीच काढ. मी तोंड उघडत नाही."

मग केतकीने मोठा लाडू काढला. मागे चकलीचा अंबाडा. शंकरपाळं जरा तिरकं. आणि कमरेपाशी छोटा लाडू, छोटं शंकरपाळं, आईच्या गळ्यात शेवेएवढा हात.

कातळ उघडला. राणी आली! कडेवरची जागा तेवढी रिकामी. केतकी टुणकन तिथे जाऊन बसली. राक्षस जो पळाला, तो अजून पळतोच आहे.

मग शेटजी पंगतीला बसला, पहारेकरी उंचावरचे दिवे लावायला लागला, आणि गावातल्या पोरांनी सगळ्या भिंती लाडवाच्या माणसांनी भरून टाकल्या. तुम्हीही काढा, पण उद्या. आता पांघरुणात शिरा. ए, पाय आत घे!

हं, एक राहिलंच. म्हादबाची छाती ही एवढी फुगली. गावभर विचारत सुटला, "पोरीला शिकवलं कुणी? सांगा, कुणी?"

आईच्या कडेवरून केतकी म्हणाली, "तुम्हीच, आजोबा! पण बरं झालं, कातळावर काढली. पानावर काढली असती, तर माझी आई बकऱ्यांनी खाल्ली असती."