साळुंकीचं समालोचन

फार पूर्वी, जंगलात गवत जास्त आणि तज्ज्ञ कमी होते, तेव्हा हरणं आणि ससे रोज संध्याकाळी तळ्याकाठी क्रिकेट खेळत. पळसावर बसून साळुंकी समालोचन करी. तिने जन्मात बॅट धरली नव्हती, त्यामुळे तिची मतं ठाम असत.

"पारू हरणीचा फॉर्म संपला!" एके दिवशी ती ओरडली. "डावा पाय ओढतेय. दोन धावांत धाप लागते. अशांना संघात ठेवतात कशाला?"

पारू धावत झाडाखाली आली. "साळुंकीबाई, हळू बोला हो. पायात काटा रुतलाय. मी कोणाला कळू दिलेलं नाही."

"वा गं वा! प्रेक्षकांना कळायलाच हवं."

"कोणत्या प्रेक्षकांना?" पारूने घाबरून विचारलं. वारा नसताना सीमारेषेपलीकडचं गवत हललं.

कर्णधार सांबर टीकेला भिऊन असे. त्याने पारूला सीमारेषेवर, अगदी गवताला लागून उभं केलं. "काका, तिथे नको," पारू म्हणाली. "एवढं बोलतात, तर काहीतरी तथ्य असेलच ना," सांबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पारू मैदानात नव्हती. सीमारेषेजवळ फक्त तिच्या खुरांचे ठसे होते, तेही गवतापर्यंतच.

"मी सांगितलंच होतं," साळुंकी म्हणाली, "तिचा फॉर्म गेलाय."

तेव्हा गवतातून एक जाड आवाज मोठ्या अदबीने आला, "बाई, आता कोणाचा गेलाय?"

सगळे खेळाडू पळसाकडे बघू लागले. साळुंकीला आयुष्यात पहिल्यांदाच काही मत नव्हतं.