आवडीचं तोंड

फार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. हरकणे गाव तेव्हाही डोंगराच्या उतारावर होतं. वर वरच्या वाडीची भातखाचरं, पायरीखाली पायरी. खाली खालच्या वाडीची एक तळी. खालच्यांना प्यायला पाणी तिचंच आणि खायला मासळीही तिचीच. त्या तळीवर आवडी नावाची म्हातारी मासे धरायची. नाव आवडी, पण वरच्यांना ती मुळीच आवडत नसे, कारण तिचं तोंड कधी बंद नसायचं, असं म्हणतात.

आता वरच्यांची रीत ऐका. लावणी झाली की ते खाचरात शेण, राख, पेंड घालत. आणि वादळी पाऊस कोसळला की आपलं भात बुडू नये म्हणून बांधांची तोंडं उघडून देत. सगळं खत वाहून खाली तळीत. तळी हिरवी व्हायची, वास मारायची, मासे पोटं वर करून तरंगायचे. दर वर्षी हेच. वर हीच माणसं म्हणायची, खालच्यांना तळी नीट राखता येत नाही. सांगताना आजही माझं डोकं तापतं.

एका वर्षी ते पाणी पिऊन आवडीची नात केसर अंथरुणाला खिळली. आवडीने तळीचं पाणी घागरीत भरलं, ती भर वादळात चढ चढली आणि वरच्या वाडीचा मुख्य माणूस, गावकार दाजी, आपल्या ओटीवर माणसं जमवून बसला होता, तिथे तिने घागर ठेवली.

"भात तीन दिस पाण्यात उभा रवता," ती म्हणाली. "माझी नात रवाची नाय. खत घातल्यार तीन दिस बांधाची तोंडा बंद ठेवा."

"पाणी खालीच जातला," दाजी म्हणाला. "तेका आमी काय करतलव? तू तुझा तोंड बंद ठेव."

माणसं हसली. फावड्याने बांध आपणच फोडायचा आणि बोल उताराला लावायचा, ही कुठली माणुसकी?

"आधी बांधाचा बंद करा," आवडी म्हणाली. "मगे माझा मी करतंय." आणि तिने घागर उपडी केली.

ते पाणी खाली गेलंच नाही, असं म्हणतात. ते उंबरठा चढलं, चुलीपर्यंत गेलं. त्याच्यामागे अख्खी तळी उठली. हिरवं पाणी एकेक बांध चढत वर आलं आणि वरच्यांच्या प्रत्येक विहिरीत, प्रत्येक हंड्यात जाऊन बसलं. भाताच्या टोपात मेलेले मासे निघाले. दोन दिवस वरच्यांना प्यायला थेंब मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी दाजीने स्वतः चिखलाचा गोळा उचलून पहिलं तोंड लिंपलं. शेवटचं तोंड लिंपून झालं तेव्हा पाणी उतरून परत तळीत गेलं, इतकं नितळ की तळ दिसू लागला आणि केसर उठून पेज मागू लागली.

खत जागेवर राहिलं, म्हणून त्या वर्षी वरच्यांचं भात दुप्पट पिकलं. म्हणजे इतकी वर्षं हे शहाणे दुसऱ्याचं पाणी नासवून आपलंच पीक घालवत होते. आवडीने शब्द पाळला. तीन दिवस ती गप्प बसली आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झाली.

हरकण्यात आजही बांध इतर गावांपेक्षा वीतभर उंच असतात आणि खत घातलं की तीन दिवस तोंडं लिंपलेली असतात. वादळ ओसरलं की वरच्या वाडीचा गावकार सगळ्यांसमोर तळीचं ओंजळभर पाणी पितो. तो जरा जरी थबकला तरी गावाला कळायचं ते कळतं. आणि त्या गावात बाईला 'तोंड बंद ठेव' असं कुणी म्हणत नाही. एखादा पाहुणा चुकून बोलून गेलाच, तर चुलीपाशी बसलेली बाई मान वर करून विचारते, "आधी कोणाचा?"