अंतोबाचा गुळगुळीत भोपळा

मांजरं माणसांना तोंडावर बोलत असत, त्या काळची गोष्ट. अंतोबा नावाच्या एका हौशी गृहस्थाने स्वतःच्या हाताने तंबोरा करायला घेतला. त्याने उकिरड्यावरून उचलून आणलेली साळू मांजर शेजारी बसून ही थेरं बघत होती.

एका जाणत्या कारागिराने बजावलं होतं, "भोपळा कडूच घ्या. कडवटाला उंदीर तोंड लावत नाहीत." पण कडू भोपळा खडबडीत दिसतो, म्हणून अंतोबाने परसातला गोड, गुळगुळीत भोपळा वाळवला.

"अहो, हा तर भाजीचा!" साळू म्हणाली.

"उकिरड्यावरची तू! तुला काय कळतंय वाद्यातलं?" अंतोबा खेकसला.

महिनाभर खपून त्याने भोपळ्यावर वेलबुट्टी काढली, तारा चढवल्या आणि सगळी आळी ऐकायला बोलावली. मोठ्या ऐटीत खोळ काढली, तर उंदरांनी भोपळ्याला हे भलंमोठं भगदाड पाडलेलं! आळी खो खो हसली.

अंतोबाने खापर साळूवर फोडलं. "आयतं दूध ढोसतेस आणि साधे उंदीर धरवत नाहीत?"

साळूने सावकाश पंजा चाटला.

"त्यांना कशाला धरू? भोपळा भाजीचा आहे, हे या घरात माझ्याशिवाय त्यांनाच तर कळलं."